बत्तीस टन ओझं आणि दोन चाकांचे ब्रेक

गाळप हंगाम सुरू झाला की धाराशिव जिल्ह्यातल्या रस्त्यांवरची रात्र बदलते. ढोकी, केशेगाव, रांजणी, चोराखळी, मुरूम अशा कारखान्यांच्या दिशेने दिवस मावळल्यापासून ट्रॅक्टरची रीघ लागते. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, त्यांवर मोळ्यांची उभी भिंत. दोन्ही बाजूंनी लोंबणारं वाढं दुचाकीवाल्याच्या खांद्याला घासून जातं. तेरणा आणि मांजराच्या काठांवर पिकलेला ऊस असाच गव्हाणीपर्यंत पोचतो. बैलगाड्या आणि ट्रक आहेतच, पण या वाहतुकीचा मोठा भार ट्रॅक्टरने उचलला आहे.

गेल्या काही वर्षांत या ट्रॅक्टरना नवी ओढ लागली आहे, ताकद वाढवून घेण्याची. कंपनीने दिलेले पन्नास घोडे कमी वाटतात, म्हणून त्यांचे साठ, पासष्ट करून घ्यायचे. हीच हौस पिकअपवाल्यांत आहे. तिथे लॅपटॉप लावून इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलले जातात आणि त्याला ‘रिमॅप’ म्हणतात. जगभर डिझेल पिकअपच्या शौकिनांनी या ट्यूनिंगचा मोठा धंदा उभा केला आहे. आपल्याकडे तो शौक उसाच्या ट्रॉलीला येऊन जुंपला, आणि तिथे त्याचा अर्थच पालटला. वाढवलेली ताकद ओझं ओढायला थोडीफार उपयोगी पडते. तेच ओझं थांबवायला तिचा काडीचा उपयोग नाही. हंगाम तोंडावर आला असताना हे ट्रॅक्टरमालकापर्यंत, चालकापर्यंत आणि कारखान्याच्या शेतकी खात्यापर्यंत पोचायला हवं.

आधी ताकद कशी वाढवतात ते पाहू. जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात इंधन पंप प्रत्येक फेऱ्याला मोजून डिझेल देतो. जास्तीत जास्त किती द्यायचं ती मर्यादा एका स्क्रूवर ठरते आणि कंपनी तो स्क्रू तार ओवून, शिशाचं सील दाबून बंद करते. पंप-नोझलच्या दुकानात ही तार पक्कडीने तुटायला दोन सेकंद लागतात. लॉकनट सैल करायचा, स्क्रू थोडा आत घ्यायचा, इंजिन चढवून धूर बघायचा. धूर काळा आला की मालक खूश, कारण काळा धूर म्हणजे दम अशी समजूत पक्की आहे. खरं तर काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. हवा तेवढीच आणि इंधन जास्त झालं, की उरलेलं काजळी होऊन धुराड्यातून बाहेर पडतं. मालकाचे पैसेही त्याच वाटेने जातात. काही जण सोबत गव्हर्नरचं सेटिंगही हलवतात, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढतात आणि टॉप गिअरमध्ये ट्रॅक्टर पूर्वीपेक्षा जोरात पळतो. माझ्या मते दोन्हींतलं हे जास्त घातक.

जानेवारी 2023 पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले. त्यामुळे मोठ्या ट्रॅक्टरमध्येही आता संगणकाने इंधन सोडणारी कॉमन रेल यंत्रणा आली आहे. म्हणजे पक्कडीची जागा लॅपटॉप घेणार. परिणाम मात्र तोच राहणार, कारण इंजिनाची ताकद वाढवताना ब्रेक, क्लच, रेडिएटर, टायर आणि ट्रॅक्टरचं वजन यांतलं काहीच वाढत नाही.

आता थोडं गणित करू. सगळं अंदाजाने, पण अंदाज प्रामाणिक ठेवून. दोन ट्रॉल्यांत मिळून पंचवीस टन ऊस धरू. रिकाम्या ट्रॉल्यांचे साडेचार टन, ट्रॅक्टरचे स्वतःचे अडीच. एकूण बत्तीस टन. सपाट डांबरी रस्त्यावर हे धूड नुसतं चालतं ठेवायला साधारण सहाशे किलोची ओढ लागते. रस्ता शंभर मीटरला पाच मीटर चढला, की उताराच्या दिशेने ओढणारे आणखी सोळाशे किलो त्यात मिळतात. म्हणजे चढाला बावीसशे किलोची ओढ हवी. पन्नास अश्वशक्तीचं इंजिन ही ओढ खालच्या गिअरमध्ये देऊ शकतं. ताशी पाच-सहा किलोमीटरने का होईना, गाडी वर सरकेल. इंजिन साठ अश्वशक्तीचं केलं तर घाटात वेग वाढतो ताशी जेमतेम एक किलोमीटर.

खरी अडचण टायरशी येते. अडीच टनांचा ट्रॅक्टर. सगळं वजन मागच्या चाकांवर आलं असं धरलं तरी कोरड्या डांबरावर त्यांची पकड दोन टनांच्या आसपास संपते. पुढे एकतर चाक जागेवर फिरतं, नाहीतर पुढचं तोंड वर उठतं. म्हणून घाटाच्या पायथ्याला अनुभवी चालक एक ट्रॉली सोडतो आणि दोन खेपा करतो, किंवा दुसरा ट्रॅक्टर लावून टोचन करून घेतो. कितीही पंप वाढवला तरी त्याला हे करावंच लागतं. टायरमध्ये पाणी भरणं, चाकांना बिडाची वजनं लावणं, पुढच्या बंपरला वजनं टांगणं हे सगळे उपाय पकडीचे आहेत. यातला प्रत्येक उपाय पंपाच्या स्क्रूपेक्षा जास्त कामाचा आणि कायदेशीर आहे.

मग वाढीव ताकद जाते कुठे? ती सपाटीवर वेगात जाते. त्याच बत्तीस टनांना पन्नास अश्वशक्ती सपाट रस्त्यावर ताशी बावीसच्या आसपास नेते, साठ अश्वशक्ती सत्तावीसच्या. पाच किलोमीटरचा फरक किरकोळ वाटतो. पण गाडी थांबवताना जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे जवळपास दीडपट होते. ती जिरवायची कुणी? ट्रॅक्टरला ब्रेक असतात मागच्या दोन चाकांना. ट्रॉल्यांना बहुधा नसतातच. मागच्या चाकांवर सोळा-सतराशे किलो वजन धरलं तर त्यांची थांबवण्याची ताकद फार तर बाराशे किलो. ताशी बावीसच्या वेगाने येणारी गाडी ब्रेक दाबल्यावर साधारण पस्तीस मीटरवर थांबेल, सत्तावीसच्या वेगाने येणारी पन्नास मीटरवर. रस्त्यावरचं माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचं अंतर यात धरलेलं नाही.

हाच हिशेब पाच टक्के उताराचा करून पाहा. उतार सोळाशे किलोने खाली ढकलतो. टायरचं घर्षण त्यातले सहाशे खातं, उरले हजार. त्यासमोर ब्रेकचे बाराशे. हातात राहिले दोनशे किलो, बत्तीस टनांना थांबवायला! सत्तावीसच्या वेगाने उताराला लागलेली गाडी अर्धा किलोमीटर गेली तरी थांबेल याची खात्री नाही, तीही ब्रेक गरम होऊन सुटले नाहीत तर. रस्त्यावर माती, ओल किंवा सांडलेला पाला असेल तर हे दोनशे किलोही जातात. मग गाडी चालकाची राहत नाही. तुळजापूरचा घाट, येडशीजवळचा रामलिंगचा उतार, येरमाळ्याच्या परिसरातली बालाघाटाची चढउतार, हा सगळा जिल्हा डोंगराच्या कडेवर बसलेला आहे. इथे हे आकडे कागदावरचे नाहीत.

याच डोंगरातून एके काळी एक छोटी रेल्वे जायची. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे. अडीच फुटी रूळ, 1897 साली कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत सुरू झालेली आणि 1911 मध्ये येडशीमार्गे लातूरला पोचलेली. कॅल्थ्रॉपचा आग्रह होता की इंजिन असो की वाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. हलक्या रुळांवर जास्तीत जास्त माल नेण्याचं त्याचं सूत्र ताकद वाढवण्यात नव्हतं, भार सारखा वाटण्यात होतं. पुढे या मार्गाचं ब्रॉडगेज झालं. आज त्याच पट्ट्यात ट्रॉलीच्या आसावर किती टन पडतात हे भरणारा पाहत नाही आणि भरून घेणाराही विचारत नाही.

ही रेल्वे सुरू होण्याच्या आठ वर्षं आधी, 12 जून 1889 रोजी, आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ अपघात झाला. सहलीला निघालेल्या पंधरा डब्यांच्या गाडीत बरीच शाळकरी मुलं होती. चढावर इंजिनाचा दम संपला. कर्मचाऱ्यांनी ठरवलं की पुढचे पाच डबे आधी वर न्यायचे आणि मागचे दहा तिथेच सोडायचे. सोडलेल्या डब्यांच्या चाकांखाली दगड लावले. इंजिन निघताना किंचित मागे आलं, डब्यांना धक्का बसला, दगडांचा चुरा झाला आणि दहा डबे उतारावरून मागे सुटले. ते मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशी माणसं गेली. सहलीच्या गाडीचा ब्रेक असा होता की डबे इंजिनापासून सुटले की तो निकामी व्हायचा. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला: प्रवासी गाडीच्या ब्रेकची रचना सलग हवी, आणि गाडी तुटली तर ब्रेक आपोआप लागला पाहिजे.

घाटाच्या पायथ्याला ट्रॉली सोडून तिच्या चाकाखाली दगड लावणारा आपला चालक आणि आर्माचे ते कर्मचारी यांच्यात मला काही फरक दिसत नाही. त्या अपघाताचा धडा रेल्वेने एका वर्षात घेतला. आपण अजून घेतलेला नाही. ओढल्या जाणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक हवेत, ते चालकाच्या एकाच पायाने लागले पाहिजेत आणि ट्रॉली तुटली तर आपोआप लागले पाहिजेत. हे तंत्र दुर्मीळ नाही. हवेच्या दाबावर किंवा हायड्रॉलिकवर चालणारे ट्रॉलीचे ब्रेक मिळतात. पासष्ट घोड्यांच्या हौसेवर खर्च करणाऱ्याने तो पैसा आधी इथे लावावा.

ब्रेकच्या खालोखाल महत्त्वाची जागा म्हणजे हूक. ट्रॅक्टरच्या मागे खाली वाकून कधी पाहा. ट्रॉलीच्या दांडीचं कडं दोन पट्ट्यांमध्ये बसतं आणि त्यातून एक पिन उभी खाली उतरते. सगळा ऊस या बोटभर-दोन बोटं जाडीच्या लोखंडावर असतो. हंगामाच्या सुरुवातीला गोल असलेली पिन फेब्रुवारीपर्यंत एका अंगाला झिजून बदामी होते, कड्याचं भोक लांबट होतं. प्रत्येक धक्क्याला खटकन आवाज येतो आणि सवयीने तो ऐकू येईनासा होतो. पिन वर उडू नये म्हणून खाली क्लिप हवी. तिथे बऱ्याचदा पिळलेली तार असते, कधी कधी तीही नसते. पिनच्या जोडीला दोन्ही बाजूंनी साखळी हवी, दांडीखालून एकमेकींना छेद देऊन बांधलेली, म्हणजे पिन निसटली तरी दांडी रस्त्यात न घुसता साखळीच्या झोळीत पडते. एवढी साखळी जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात एका दुपारी लागते.

ओढ जमिनीपासून किती उंचीवर लागते, हाही जिवाचा प्रश्न आहे. ओढ मागच्या आसाच्या खालूनच लागली पाहिजे. ती वर घेतली, टॉप लिंकच्या जागेवरून ओझं ओढलं, की ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती फिरतो आणि पुढची चाकं उठतात. मागे उलटायला लागलेला ट्रॅक्टर सावरता येण्याचा क्षण एका सेकंदाच्या आत निघून जातो. क्लचवर पाय पडेपर्यंत स्टिअरिंग छातीवर आलेलं असतं. पंप वाढवलेल्या ट्रॅक्टरवर क्लच झटक्यात सोडला की हेच घडतं, आणि मोबाइलवर त्याचं कौतुक होतं. पुढची चाकं हवेत, चालक डाव्या-उजव्या ब्रेकने दिशा देतोय, पोरं शिट्ट्या मारताहेत. पंजाबात अशा करामतींत एक तरुण ट्रॅक्टरखाली सापडून मेल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारने ट्रॅक्टरच्या कसरतींवर बंदी घातली. आपल्याकडची पोरं त्याच चित्रफिती पाहून शिकतात. त्यांना दटावणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आधी स्वतःच्या ट्रॅक्टरची पिन पाहावी.

डाव्या-उजव्या ब्रेकचं आणखी एक. शेतात वळताना दोन्ही पेडल वेगवेगळे वापरतात, म्हणून त्यांना जोडणारी खिट्टी काढलेली असते. डांबरीवर येताना ती लावली नाही आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर जागेवर वळतो. मागच्या ट्रॉल्या मात्र सरळच येतात आणि त्याला आडवा करून त्याच्यावर चढतात. फोर व्हील ड्राइव्हच्या ट्रॅक्टरला उतारावर पुढची चाकं जोडून घ्यावीत; बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये त्यामुळे पुढच्या चाकांनाही ब्रेकचा रोध मिळतो. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा, मधेच बदलू नये. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे काय, हे वरच्या दोनशे किलोंच्या हिशेबातून कळावं.

पिकअपची गोष्ट वेगळी आहे, पण फार वेगळी नाही. भाजीपाला, शेळ्या, खताची पोती नेणारी पिकअप कधी मळणी यंत्र ओढते, कधी जनरेटर. रिमॅप केलेली गाडी चढाला हलकी वाटते आणि तोच धोका. लांब चढावर ओझं ओढताना जास्तीचं डिझेल जळून निघणाऱ्या वायूंचं तापमान भराभर चढतं. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, आणि शुद्ध ॲल्युमिनियम वितळतं 660 अंशाला. मोकळ्या गाडीत दहा सेकंदांपुरता दाबलेला ॲक्सिलरेटर इंजिन सोसतं. ट्रॉली जोडून दहा मिनिटं दाबलेला सोसत नाही. म्हणून या विषयातले जाणते लोक ओझं ओढण्यासाठी वेगळं, कमी ताकदीचं ट्यूनिंग ठेवतात आणि धुराचं तापमान दाखवणारा काटा बसवल्याशिवाय घाट चढत नाहीत. अमेरिकेत प्रदूषणरोधक यंत्रणा काढून टाकलेल्या साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप असाव्यात, असा तिथल्या पर्यावरण संस्थेचा 2020 मधला अंदाज होता. त्या हौसेची किंमत आसपासच्या फुफ्फुसांनी मोजली.

एका आसाच्या ट्रेलरचा तोल हाही दुर्लक्षित भाग आहे. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा असं भरायचं. भार मागे गेला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि शेवटी ओढणाऱ्या गाडीला घेऊन पडतो. अर्धवट भरलेला पाण्याचा टँकर त्याहून वाईट. दुष्काळात या जिल्ह्याने टँकर खूप पाहिले आहेत. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन, आणि आत आडवे पत्रे नसतील तर आतलं पाणी प्रत्येक ब्रेकला पुढे धावतं. देवदर्शनाला ट्रॉलीत माणसं भरून नेण्याबद्दल तर बोलायलाच नको. 1 ऑक्टोबर 2022 रोजी कानपूर जिल्ह्यात देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली उलटून सव्वीस जण गेले. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर अशा ट्रॉल्या दिसतात तेव्हा पोटात गोळा येतो.

रात्रीच्या अपघातांत मात्र अनेकदा ट्रॉली उभी असते. टायर फुटतो, आस मोडतो आणि ती डांबरावरच थांबते. मागचे दिवे वाढ्याने झाकलेले, रिफ्लेक्टर चिखलाने. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसतो तो नुसता काळोख, मग ऊस. परिवहन खातं, पोलीस आणि कारखाने दर हंगामात रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. चांगलं आहे. पण रिफ्लेक्टर उसाच्या मागच्या टोकाला दिसेल असा हवा, फळीवर नव्हे. प्रत्येक ट्रॅक्टरवर चमकणारा त्रिकोण हवा आणि तो पन्नास मीटर मागे ठेवायची सवय हवी. खोळंबलेल्या ट्रॉलीभोवती मांडलेले दगडही ट्रॉली निघताना उचलून कडेला टाकायला हवेत. ते तसेच राहतात आणि तासाभराने दुसऱ्याच कुणाचा तरी जीव घेतात.

चालक हे सगळं जाणत नाही असं नाही. पण वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. ट्रॅक्टरचा हप्ता असतो, टोळीसाठी मुकादमाला दिलेली उचल अंगावर असते, कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत रात्र जाते आणि हंगाम चार-पाच महिन्यांचा. एका खेपेत पाच टन जास्त गेले की तेवढाच हप्ता हलका होतो. म्हणून जास्त भरायचं, जास्त भरलं म्हणून पंप वाढवायचा, पंप वाढवला म्हणून अजून भरायचं. हे चक्र चालकाला दंड करून तुटणार नाही. कायदा आहे. वाहनात मूळ रचनेबाहेर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर भार नेल्यास वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे. अपघात झाला आणि ट्रॉलीची नोंद विम्यात नसेल तर भरपाई अडकते, आणि मेलेल्याच्या घरचे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

पुरावा शोधायला रस्त्यावर कुणी उभं राहण्याची गरज नाही. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर चढते. भरलेलं वजन, रिकामं वजन, गाडीचा नंबर, वेळ, सगळं पावतीवर छापलं जातं आणि कारखान्याच्या संगणकात राहतं. कोणत्या ट्रॉलीने किती जास्त आणलं हे कारखान्याला दररोज कळतं, आणि तरीही तो त्या जास्तीच्या टनांचेही पैसे चुकते करतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातूनच वजा होतो. तेव्हा कोणत्या अटीवर हा ऊस वाहिला जातो हे विचारण्याचा हक्क सभासदाला आहे, आणि वार्षिक सभेत त्याने तो वापरावा.

वाहतुकीचे करार हंगामाआधी होतात, तेव्हाच हे लिहून घेता येईल. ट्रॉलीला ब्रेक आणि साखळी असल्याशिवाय करार नाही. ठरलेल्या मर्यादेवरच्या टनांना वाहतूक दर नाही. ब्रेक बसवणाऱ्याला टनामागे थोडा जास्त दर आणि बसवण्याच्या खर्चाला उचल. टोळीसाठी लाखांची उचल देता येते, तर ब्रेकसाठीही देता येईल. आणि घाट उतरायच्या आधी ‘हा भार मी नेणार नाही’ असं म्हणणाऱ्या चालकाची खेप बुडाली तरी त्या दिवसाची मजुरी त्याला मिळाली पाहिजे, ही अटही त्याच कागदावर असावी.